लोखंडाची दहा वर्षे : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

बिनबाह्यांच्या बनियनला आपण ‘सँडो’ म्हणतो. वरोऱ्याच्या बाजारात हा शब्द कोणत्याही कापड दुकानदाराला कळतो. परंतु हे एका माणसाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युजेन सँडो हा १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला बलोपासक. रंगमंचावर प्रचंड वजने उचलून त्याने युरोप-अमेरिका गाजवली आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. मात्र तो येण्यापूर्वीच त्याची पुस्तके आणि साधने मागवून वजनाचा व्यायाम सुरू केलेला एक मराठी तरुण सातारा भागात होता. पुढे हाच तरुण औंध संस्थानचा अधिपती झाला.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान आणि तीही विखुरलेली. राजपुत्राला साजेसा आराम हाताशी असताना बाळासाहेबांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी. ए. ची पदवी मिळवली. चित्रकलेचा त्यांना मनापासून नाद होता. कीर्तनही ते उत्तम करीत. अशा कलासक्त माणसाने १८९७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, सँडोची डंबेल्स हाती घेतली. तालमीत जाण्याचे कोवळे वय केव्हाच मागे पडले होते. आरंभाला उशीर झाला, ही सबब त्यांनी सांगितली नाही.

सँडोच्या पद्धतीतले मर्म येथे सांगितले पाहिजे. रंगमंचावरचा सँडो अवजड वजने पेलत असे. पण घरी शिकणाऱ्यांना तो हलकी डंबेल्स घ्यायला सांगे. आवर्तने मोजकी ठेवायची, काही दिवसांनी एखादेच वाढवायचे आणि ज्या स्नायूला काम पडते त्यावर मन एकाग्र करायचे, असा त्याचा क्रम होता. नवशिक्याची फसगत येथेच होते. प्रेक्षक म्हणून पाहिलेले वजन तो पहिल्याच दिवशी उचलू पाहतो आणि आठवड्याच्या आत पाठ धरून बसतो. बाळासाहेबांनी पुस्तकातला क्रम मुकाट्याने पाळला, आणि तोही महिना-दोन महिने नव्हे, तर सुमारे दहा वर्षे.

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले. दहा वर्षांची सवय बाजूला ठेवणे सोपे नसते. परंतु नमस्काराला साधन नको, पैसा नको, जोडीदार नको. अंग पसरेल एवढी जागा पुरते. जो व्यायाम राजवाड्यात शक्य आहे तो झोपडीतही शक्य असला पाहिजे, हा विचार त्यांना पटला. १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळांतून रुजवले. त्यावर पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा सत्तरीला आलेले हे गृहस्थ स्वतः नेमाने नमस्कार घालत होते. त्यांचे चिरंजीव, मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांनीही पुढे याच विषयावर लिहिले.

अंगी बाणलेला हा नेम त्यांच्या इतर कामांतही दिसतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. औंधचे प्रसिद्ध संग्रहालय त्यांच्याच रसिकतेचे फळ. आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने सिद्ध झालेली राज्यघटना स्वीकारून, त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. वजन उचलणाऱ्याची खरी परीक्षा ते खाली ठेवताना होते; तोल जाऊ न देता ठेवावे लागते. बाळासाहेबांनी राज्य असेच खाली ठेवले. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

कोळसा आणि कापूस यांच्या आपल्या या परिसरात वजन उचलणे हा हौसेचा नव्हे, पोटाचा विषय आहे. दिवसभर पोती वाहणाऱ्याच्या घरातला मुलगा डंबेल्स उचलू लागला की घरातली वडीलधारी माणसे हसतात. त्यांचे हसणे अगदीच चुकीचे नाही. पण मेहनत आणि व्यायाम यांत फरक आहे. मेहनतीत वजन किती ते मालक ठरवतो. व्यायामात ते आपल्या शरीराला विचारून ठरवायचे असते.

आजचे प्रशिक्षकही नवशिक्याला प्रथम रिकामा दांडाच देतात. स्पर्धेतला हा दांडा पुरुषांसाठी २० किलोचा आणि स्त्रियांसाठी १५ किलोचा असतो. कोणाला तोही जड वाटला तर साध्या काठीपासून आरंभ करतात. पाठ सरळ ठेवून बसणे, उठणे, जमिनीवरून उचलणे हे नीट जमल्यावरच थोडे थोडे वजन चढवतात. सूर्यनमस्कारात ढकलणे आणि वाकणे भरपूर आहे, ओढून उचलणे मात्र जवळजवळ नाही. तेव्हा बाळासाहेबांनी लोखंड सोडले म्हणून आपणही ते धरू नये, असा अर्थ काढण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याच्या खिशात व्यायामशाळेची फी नाही त्याने उद्या पहाटे नमस्कारापासून आरंभ करावा. ज्याला दांडा मिळेल त्याने रिकाम्या दांड्यापासून करावा. किती किलो उचलले, हा प्रश्न पहिल्या वर्षी कोणी विचारला तर उत्तर देऊ नये. किती दिवस चुकवले नाहीत, एवढेच सांगावे.