मोसुलचा ‘मोती’

लुलू म्हणजे मोती. गुलामांना रत्नांची नावे ठेवण्याची त्या काळी रीतच होती आणि आर्मेनियन वंशाचा बद्रुद्दीन लुलू हा मोसुलच्या झंगी घराण्याचा गुलाम होता. पुढे तो मुक्त झाला. १२११ मध्ये त्याचा मालक नूरुद्दीन अर्सलान शाह वारला आणि राज्याचा कारभार लुलूच्या हाती आला. त्यानंतर गादीवर तीन वारस बसले, त्यांतले शेवटचे दोघे तर लहान मुले. १२३४ पर्यंत घराणे संपले आणि बगदादच्या खलिफाने लुलूलाच राजा म्हणून मान्यता दिली. शेवटच्या वारसाच्या मृत्यूचा संशय त्याच्यावर होता, तो आजही पुसला गेलेला नाही.

पण याच माणसाच्या अमलात मोसुलच्या पितळी भांड्यांची कीर्ती पसरली. सुरई, तस्त, तबक, शमादान. कारागीर पितळेत छिन्नीने खाचा पाडत, त्यांत चांदीची तार आणि पातळ पत्रा ठोकून बसवत, मोकळ्या जागी काळा लेप भरत. ज्यांनी बिदरी काम पाहिले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल, फक्त बिदरीत मुख्य धातू जस्त असतो. ब्रिटिश म्युझियममधली ‘ब्लाकास सुरई’ शुजा इब्न मनआ याने हिजरी ६२९ च्या रजब महिन्यात, म्हणजे १२३२ साली, मोसुलमध्ये घडवली, हे तिच्यावरच कोरलेले आहे. शिकारी, वादक, आरशात पाहणारी बेगम, सारे तिच्या अंगावर आहे. त्याच संग्रहालयात एक झाकणाचा गोल डबा आहे. त्यावर लुलूचे नाव ‘अल्-मलिक अर्-रहीम’ या किताबासह आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसाचे नाव चांदीत!

मंगोल आले तेव्हा लुलूने तलवार उपसली नाही, नजराणे पाठवले. १२५८ मध्ये बगदाद बेचिराख झाले आणि ऐंशीच्या घरातला हा म्हातारा हुलागूसमोर हजर झाला. भेकड म्हणणाऱ्यांनी म्हणावे, पण मोसुल उभे राहिले. पुढच्याच वर्षी तो वारला. मुलगा सालिह इस्माईल मिसरचा सुलतान बैबर्सच्या बाजूला गेला. मंगोलांनी अनेक महिने वेढा घातला, १२६२ मध्ये शहर लुटले आणि सालिहला ठार केले.

काही कारागीर आधीच दमास्कसला गेले होते, काही काहिरात पोहोचले. १२६९ च्या सुमारास काहिरात घडवलेल्या एका शमादानावर मुहम्मद इब्न हसन याने आपल्या नावापुढे ‘अल्-मौसिली’ कोरले आहे.