विश्लेषण : छोट्याशा पितळी तुकड्याने ‘स्पिटफायर’चे इंजिन कसे वाचवले? कोण होत्या बिआट्रिस शिलिंग?

जुन्या गाडीला सुपरचार्जर बसवला की पुढचा प्रश्न येतो फ्युएल पंपाचा. इंजिनात हवा जास्त जाऊ लागली, पण पेट्रोल तेवढेच राहिले, तर इंजिनाचे नुकसान होते. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त गेले, तरीही इंजिन गुदमरते. गॅरेजमध्ये हा हिशेब चुकला तर पिस्टन जातो. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात तो चुकला, तेव्हा वैमानिकांचे जीव पणाला लागले होते. त्या वेळी उत्तर शोधले ते मोटरसायकल शर्यती जिंकणाऱ्या एका महिला अभियंत्याने. त्यांचे नाव बिआट्रिस शिलिंग.

बिआट्रिस शिलिंग कोण होत्या?

शिलिंग यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील वॉटरलूव्हिल येथे झाला. वडील खाटीक होते. यंत्रे उघडून पाहण्याची आवड लहानपणापासूनच होती. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांनी मोटरसायकल घेतली. ती चालवण्याइतकाच रस त्यांना तिचे इंजिन खोलून पुन्हा जोडण्यात होता.

शाळा संपल्यावर त्यांना मार्गारेट पार्ट्रिज यांच्याकडे काम मिळाले. पार्ट्रिज स्वतः विद्युत अभियंता होत्या आणि डेव्हन भागातल्या गावांमध्ये वीज पोहोचवण्याचा व्यवसाय करत होत्या. वायरिंग आणि जनरेटर बसवण्याचे काम शिलिंग तिथे प्रत्यक्ष शिकल्या. मुलीने अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, हा आग्रह पार्ट्रिज यांचाच. त्यांच्या पाठिंब्याने शिलिंग मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात दाखल झाल्या. तेव्हा अभियांत्रिकीच्या वर्गात मुली एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच असत. १९३२ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे यंत्र अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

त्यानंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधन साहाय्यक म्हणून त्यांनी एक सिलिंडरच्या सुपरचार्ज्ड इंजिनांवर काम केले. हवा दाबून भरली की इंजिन कसे वागते, याचा हा अभ्यास पुढे थेट उपयोगी पडला.

शर्यतीच्या मैदानावरची ओळख काय होती?

ब्रुकलँड्स हा इंग्लंडमधला काँक्रीटचा प्रसिद्ध रेसट्रॅक. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या मोटरसायकलस्वाराला ‘गोल्ड स्टार’ मिळत असे. १९३४ मध्ये शिलिंग यांनी नॉर्टन मोटरसायकलवर ताशी सुमारे १०६ मैल, म्हणजे १७० किलोमीटरच्या वेगाने फेरी मारून तो पटकावला. ब्रुकलँड्सच्या इतिहासात हा मान फक्त तीन महिलांना मिळाला. फ्लोरेन्स ब्लेंकिरॉन आणि थेरेसा वॉलेक या बाकी दोघी.

आपली मोटरसायकल त्या स्वतःच ट्यून करत. या नॉर्टनला त्यांनी सुपरचार्जरही बसवला होता. १९३८ मध्ये त्यांनी जॉर्ज नेलर यांच्याशी विवाह केला. जॉर्ज यांनीही गोल्ड स्टार मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी अट त्यांनी घातली होती, असा किस्सा सांगितला जातो. युद्धकाळात नेलर बॉम्बर विमानाचे वैमानिक होते. म्हणजे वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न शिलिंग यांच्या घरापर्यंत आलेला होता.

१९३६ मध्ये शिलिंग फार्नबरो येथील ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’ अर्थात आरएई या सरकारी संशोधन संस्थेत रुजू झाल्या. काही काळातच त्या इंजिन विभागात आल्या आणि विमानांचे कार्ब्युरेटर हा त्यांचा खास विषय बनला.

‘मर्लिन’ इंजिन ऐन लढाईत का बंद पडत होते?

स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ इंजिन होते. १२ सिलिंडर, २७ लिटर आणि सोबत सुपरचार्जर. इंजिन ताकदवान होते, पण त्याला पेट्रोल मिळत होते ते कार्ब्युरेटरमधून.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल साठते. त्यावर तरंगणारा फ्लोट पातळी वाढली की वर जातो आणि सुईसारखी झडप बंद करतो. पातळी घटली की झडप उघडते. आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ नियम येण्याआधीच्या बहुतेक मोटरसायकलींत हीच रचना होती. फ्लोट अडकला की गाडी ‘ओव्हरफ्लो’ होते, हे जुन्या बाइकच्या मालकांना चांगले ठाऊक आहे.

या रचनेला गुरुत्वाकर्षण खालच्या दिशेने हवे. वैमानिकाने विमानाचे नाक झटकन खाली दाबले की ‘निगेटिव्ह जी’ तयार होतो. गाडी वेगात उंचवट्यावरून गेल्यावर पोटात गोळा येतो, तसाच, पण कितीतरी तीव्र. अशा वेळी मर्लिनमध्ये दोन गोष्टी एकामागोमाग घडत.

पहिली : चेंबरमधले पेट्रोल छताकडे फेकले जाई. खालच्या जेटना पेट्रोल मिळत नसे. इंजिन क्षणभर आचके देई.

दुसरी : पेट्रोल वर गेल्यामुळे फ्लोट उलट्या दिशेने जाई आणि झडप पूर्ण उघडी राही. पंप आपल्या पूर्ण क्षमतेने पेट्रोल ढकलत राही. कार्ब्युरेटर तुडुंब भरे, सुपरचार्जरमध्ये पेट्रोलचा लोंढा जाई आणि इंजिन काळा धूर सोडत गुदमरे. पहिला धक्का क्षणिक होता. दुसरा इंजिन पुरते बंद पाडू शकत होता.

जर्मन विमानांना हा त्रास का नव्हता?

समोरच्या मेसरश्मिट बीएफ-१०९ विमानात डाइम्लर-बेंझचे इंजिन होते. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये इंजेक्ट होत असे. फ्लोट नाही, त्यामुळे त्याच्या उलटण्याचा प्रश्नच नाही. ब्रिटिश विमान पाठीवर आले की जर्मन वैमानिक नाक खाली करून सरळ सूर मारत. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान अर्धे पलटवावे लागे, म्हणजे पेट्रोल फ्लोट चेंबरच्या तळाशीच राहील, आणि मग खाली झेपावावे लागे. तेवढ्या काही सेकंदांत शत्रू निसटे. उलट, ब्रिटिश विमान स्वतः पळण्याच्या प्रयत्नात असेल आणि इंजिनाने दगा दिला, तर ते सोपे सावज ठरे.

मग रोल्स-रॉइसने कार्ब्युरेटर का निवडला? त्याला कारण होते. सुपरचार्जरच्या आधी हवेत पेट्रोल मिसळले की त्याचे बाष्पीभवन होऊन मिश्रण थंड होते. थंड मिश्रण जास्त घन असते, त्यामुळे जास्त ताकद मिळते. निवड चुकीची नव्हती, पण तिची किंमत आकाशात मोजावी लागत होती.

शिलिंग यांनी नेमके काय केले?

नवा कार्ब्युरेटर तयार करायला वेळ लागणार होता आणि युद्ध थांबणार नव्हते. शेकडो विमाने कारखान्यात परत बोलावणेही शक्य नव्हते. शिलिंग यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. खरा धोका पेट्रोल कमी पडण्यात नव्हता, तर पंपाच्या अनियंत्रित पुरवठ्यात होता. इंजिनाला पूर्ण ताकदीवर जितके पेट्रोल लागते, त्यापेक्षा पंप बरेच जास्त देऊ शकत होता. एरवी फ्लोटची झडप त्याला आवर घालत असे. झडप निकामी झाली की आवर घालणारे काहीच उरत नसे.

म्हणून त्यांनी पेट्रोलच्या नळीत, कार्ब्युरेटरच्या अलीकडे, पितळेचा एक छोटा तुकडा बसवला. आधी तो शिवणकामाच्या अंगुस्तानासारखा होता, नंतर वॉशरसारखी साधी चकती झाली. त्याच्या मधोमध नेमके मोजून पाडलेले छिद्र. इंजिनाला कमाल ताकदीवर लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाऊ शके. झडप पूर्ण उघडी राहिली तरी इंजिन बुडण्याइतके पेट्रोल आत येणार नाही, अशी ही सोय.

बूस्टनुसार गरज बदलते, म्हणून या चकत्या दोन मापांत तयार झाल्या. जास्त बूस्टवर चालणाऱ्या इंजिनाला लहान छिद्राची चकती लावली असती, तर पूर्ण ताकदीवर पेट्रोल कमी पडून इंजिन जळण्याचा धोका होता.

सर्वांत मोठा फायदा म्हणजे विमान सेवेतून बाहेर न काढता हा तुकडा बसवता येत होता. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंग छोट्या पथकासह हवाई तळांवर फिरल्या. मार्चपर्यंत फायटर कमांडच्या विमानांत हे काम पूर्ण झाले. अधिकृत नाव होते ‘आरएई रिस्ट्रिक्टर’. हवाई दलातल्या जवानांनी त्याला ‘मिस शिलिंग्ज ऑरिफिस’, म्हणजे शिलिंगबाईंचे छिद्र, असे थट्टेचे नाव दिले. त्या थट्टेत तेव्हाच्या पुरुषी वातावरणाचा वास होता. पण नाव टिकले, आणि श्रेयही.

हा कायमचा उपाय होता का?

नाही. पेट्रोल छताकडे फेकले गेल्यावर बसणारा पहिला धक्का या चकतीने पूर्ण थांबत नव्हता. उलट्या अवस्थेत दीर्घकाळ उडणेही शक्य नव्हते. त्यासाठी फ्लोट नसलेले, दाबावर चालणारे कार्ब्युरेटर यावे लागले. ते युद्धाच्या उत्तरार्धात आले. तोपर्यंतचा काळ या चकतीने निभावून नेला.

युद्धानंतर त्यांनी काय केले?

ब्रिटिश सरकारने त्यांना ‘ओबीई’ किताबाने गौरवले. आरएईमध्ये त्यांनी पुढे ‘ब्लू स्ट्रीक’ क्षेपणास्त्रापासून ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात इथपर्यंत अनेक विषयांवर काम केले. वेगाची आवडही सुटली नाही. पती-पत्नी आता मोटारींच्या शर्यतींकडे वळले. ऑस्टिन-हिली स्प्राइट घेऊन ते सिल्व्हरस्टोन आणि गुडवूडच्या शर्यतींत उतरले. १९६७ मध्ये अमेरिकी चालक डॅन गर्नी यांच्या संघाची ‘ईगल’ ही फॉर्म्युला वन कार तापत होती, तेव्हाही सल्ल्यासाठी शिलिंग यांना बोलावण्यात आले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १८ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजच्या सुपरचार्ज्ड गाडीशी याचा संबंध काय?

तत्त्व तेच आहे : पुरवठा गरजेशी जुळला पाहिजे. जुन्या गाडीचा मूळ पंप सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाच्या हिशेबाने दिलेला असतो. बूस्ट वाढला की पेट्रोल जास्त लागते. शिवाय अनेक गाड्यांत रेग्युलेटर बूस्टच्या प्रमाणात पेट्रोलचा दाबही वाढवतो. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट ०.७ बार असेल, तर पंपाला ३.७ बारवर काम करावे लागते. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून पंपावर छापलेला आकडा कोणत्या दाबाचा आणि किती व्होल्टचा आहे, हे आधी पाहावे लागते.

ढोबळ हिशेब असा : सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनाला ३०० हॉर्सपॉवरवर ताशी साधारण ११० लिटर पेट्रोल लागते. २० टक्के राखीव धरले तर ताशी सुमारे १३० लिटरचा पंप हवा, आणि तोही प्रत्यक्ष दाबावर. जुन्या वायरिंगमुळे पंपापर्यंत व्होल्टेज कमी पोहोचत असेल, तर चांगला पंपही कमी पडतो. त्यासाठी बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा रिले लावला जातो.

याउलट, फार मोठा पंप बसवला आणि रेग्युलेटर व टाकीकडे परत जाणारी नळी जुनीच ठेवली, तर जास्तीचे पेट्रोल परत जाऊ शकत नाही. दाब चढतो, मिश्रण घट्ट होते आणि गाडी काळा धूर सोडू लागते. मर्लिनच्या वैमानिकांना १९४० मध्ये दिसलेला धूर याच जातीचा होता.

तेव्हा शिलिंग यांनी पंप बदलला नाही, कार्ब्युरेटरही बदलला नाही. इंजिनाला नेमके किती पेट्रोल लागते ते मोजले आणि तेवढ्याच मापाचे छिद्र पाडले. गॅरेजमध्ये नवा पंप विकत घेण्याआधी करायचे पहिले कामही तेच आहे.