नाना फडणवीस आणि राज्यांतील पहारा

मुरुडाहून किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस हर्णै, आंजर्लें, केळशी हीं गांवें मागें टाकीत गेलें म्हणजे बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे वेळास लागतें. भानूंचें हें मूळ गांव. याच कुळांतील बाळाजी जनार्दन, म्हणजे नाना फडणवीस, यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं साताऱ्यास झाला. तलवारीचा लौकिक त्यांच्या वाट्यास आला नाहीं. १७६१ सालीं पानिपताहून ते कसेबसे जीव वांचवून परतले. त्यांचा पराक्रम लेखणीचा, आणि आमच्या मतें तो कमी प्रतीचा नव्हे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. मारेकरी बाहेरचे नव्हते. वाड्याच्या रक्षणास ठेविलेले गारदीच ते! चुलते रघुनाथराव पेशवे झाले, बारभाई त्यांच्याविरुद्ध उठले, आणि राज्य दुभंगलें. रघुनाथरावांनीं इंग्रजांचें साह्य घेतल्यामुळें ही यादवी १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत पेटत राहिली. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. त्या तान्ह्या पेशव्याच्या नांवें नाना कारभार हांकीत होते.

अशा काळीं आपला कोण नि परका कोण हें ओळखावें कसें? नानांनीं जागोजागीं बातमीदार पेरिले. तरी १७७६ सालीं आमच्या कोंकणांतच घात झाला. रत्नागिरीच्या किल्ल्यांत एक तोतया कैदेंत होता. पानिपतांत नाहींसे झालेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असें तो सांगे. ज्यानें त्यास डांबून ठेवावयाचें, त्या सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्यास बाहेर काढिलें! किल्ल्यामागून किल्ले घेत तोतया बोरघाटापर्यंत चढला. महादजी शिंद्यांच्या फौजेनें त्याचा मोड केला, राघोजी आंग्र्यांनीं त्यास पकडलें, आणि पुण्यास चौकशीअंतीं त्यास देहांत शासन झालें.

पुढल्याच वर्षीं, १७७७ सालीं, नानांनीं पुण्याची कोतवाली घाशीरामास दिली. शहरांत येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद, रात्रीची गस्त, तोफ झाल्यावर रस्त्यांत सांपडेल त्याची धरपकड, हें सारें त्याच्या हातीं आलें. चोरांस दहशत बसली. पण ती सज्जनांसही बसली. ज्या नानांस दूरदूरच्या दरबारांतील हालचाल कळे, त्यांच्या कानीं पुण्यांतील रयतेचें गाऱ्हाणें पोंचेना, याचें आम्हांस नवल वाटतें. १७९१ च्या ऑगस्टांत परगांवचे ब्राह्मण घाशीरामाच्या माणसांनीं एका कोंदट खोलींत कोंडले. त्यांतील सुमारे वीसजण गुदमरून मेले. जमाव नानांच्या दारीं लोटला. नानांनीं आरंभीं कोतवालाचीच बाजू उचलून धरिली. मग मात्र त्यांस तो स्वाधीन करावा लागला, आणि लोकांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें. न्यायासन असतां न्याय असा रस्त्यावर व्हावा, हा दोष आम्ही नानांच्याच पदरीं घालितों.

१७९५ सालीं सवाई माधवराव वारले आणि गादीसाठीं पुनः तंटे माजले. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं दौलतराव शिंद्यांच्या मायकेल फिलोस नामक सरदाराच्या अभयवचनावर विसंबून नाना भेटीस गेले, आणि तेथेंच कैद झाले. अहमदनगरच्या किल्ल्यांत त्यांनीं कांहीं महिने काढिले. सुटल्यावर पुनः कारभार हातीं आला, पण फार काळ नाहीं. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला.