रक्ताचा चित्रकार : हेन्री व्हॅनडाइक कार्टर

शरीररचनाशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथांत ग्रे यांच्या ग्रंथाइतका दीर्घायुषी ग्रंथ दुसरा क्वचितच आढळेल. इ. स. १८५८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ आकृत्या प्रामुख्याने हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्या हातच्या होत. वैद्यकाच्या अनेक पिढ्या ह्या रेषांवर पोसल्या. परंतु ग्रंथ ओळखला गेला तो लेखकाच्या नावाने, चित्रकाराच्या नव्हे. ह्याच चित्रकाराने पुढे तीस वर्षे मुंबई इलाख्यात काढली, आणि भारतीय रुग्णांच्या रक्तात हिवतापाचा परजीवी प्रथम ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासकारांबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये यॉर्कशरमधील हल ह्या बंदरात झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांतील निसर्गचित्रकार. व्हॅन डाइक ह्या थोर चित्रकाराचे नाव मुलाला देण्यामागे पित्याची जी आकांक्षा असेल, ती विच्छेदनगृहात सफल झाली. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शिकत असताना कार्टर यांचा हेन्री ग्रे यांच्याशी संबंध आला आणि ग्रंथाचे काम दोघांनी हाती घेतले. मजकूर ग्रे यांचा, आकृत्या कार्टर यांच्या. प्रत्येक अवयवाचे नाव आकृतीतल्या अवयवावरच लिहावयाचे, ही ह्या ग्रंथाची मोठी सोय होती. वाचकाची दृष्टी अक्षर आणि चित्र ह्यांमध्ये हेलपाटे घालीत नसे. नाव आणि वस्तू एकाच जागी भेटत. ह्या कामाबद्दल कार्टर यांना १५० पौंड मिळाले. विक्रीत वाटा मिळाला नाही. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत दोघांची नावे जवळजवळ तोलामोलाची होती. कार्टर यांचे नाव लहान टायपात बसवावे, अशी दुरुस्ती ग्रे यांनी केली.

ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी कार्टर मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकविले व शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम केले. पुढे सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. शेतात अनवाणी राबणाऱ्यांच्या पायाला जडणारा, पाय सुजवून त्यातून दाणेदार स्राव काढणारा एक रोग दक्षिणेत मदुरेच्या नावाने ओळखला जाई. त्याचे मूळ बुरशीत आहे असे कार्टर यांनी प्रतिपादिले व त्यास मायसेटोमा हे आजही रूढ असलेले नाव दिले. कुष्ठरोगाचा अभ्यास त्यांनी त्याच चिकाटीने केला. त्यासाठी ते नॉर्वेपर्यंत जाऊन आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड हेही त्याच काळात मुंबईत कुष्ठरोगावरील औषधाचा शोध घेत होते. एक उपचाराच्या वाटेने चालला होता, दुसरा वर्णनाच्या.

वर्णनाची ही वाट कार्टर यांना अखेर रक्ताकडे घेऊन गेली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील उपाशी माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्याबरोबर उलटून येणारा एक ताप आला. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी अशा तापात पाहिलेला नागमोडी जंतू कार्टर यांनी मुंबईच्या रुग्णांत ओळखला आणि माकडांना टोचून रोगाचे संक्रमण सिद्ध केले. ह्या तापाने त्यांनाही गाठले. १८८२ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा जंतू तांबड्या पेशींच्या मधून, रक्तद्रवात पोहत असतो. त्यांना पुढे भेटलेला परजीवी मात्र निराळ्या स्वभावाचा होता.

हिवताप भारतीयांना नवा नव्हता. आयुर्वेदाने त्याच्या पाळ्यांवरून तृतीयक व चतुर्थक असे भेद केले होते. लोकभाषेत तोच एकांतरा झाला. पाळी ठरलेली का असते, ह्याचे उत्तर मात्र १८८० नंतर मिळू लागले. त्या वर्षी अल्जीरियात आल्फाँस लाव्हरान ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी रुग्णाच्या रक्तात एक सजीव आदिजीव पाहिला. त्यांना तो तांबड्या पेशीला बाहेरून चिकटलेला वाटे. मार्कियाफाव्हा व चेल्ली ह्या इटालियन संशोधकांनी तो पेशीच्या आत राहतो असे प्रतिपादिले. ह्या जीवाचे विभाजन होऊन पेशी फुटते तेव्हाच थंडी भरून येते, हे गॉल्जी यांनी दाखविले. कार्टर यांनी १८८७ मध्ये मुंबईतील हिवतापाच्या रुग्णांत हे रक्तजीव पाहिले आणि त्यांची विविध रूपे वर्णिणारा लेख सैन्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या शास्त्रीय लेखमालेत प्रसिद्ध केला.

१८८८ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्यांचा लेख छापला गेला, पण त्याने मते बदलली नाहीत. त्यानंतरही भारतातील अनेक डॉक्टर लाव्हरान यांचा जीव मानावयास तयार नव्हते. रोनाल्ड रॉस हे त्यांतलेच एक. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी प्रत्यक्ष दाखविल्यावर त्यांची शंका फिटली. कार्टर ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने वारले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २० ऑगस्ट रोजी, सिकंदराबादेस रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हा परजीवी सापडला. लवकरच रॉस यांची राजपुतान्यातील खेरवाड्यास बदली झाली आणि काम काही काळ खोळंबले.

परजीवी पेशीत शिरतो कसा, हा प्रश्न कार्टर यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचा होता. स्थिर चित्रात तो एकतर बाहेर दिसतो वा आत. उंबरठ्यावरचा क्षण हाती लागत नाही. तो क्षण पुढे चलच्चित्राने टिपला. १९३० नंतरच्या वर्षांत कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत नोल्स आणि दासगुप्ता यांनी अभ्यासलेल्या माकडांच्या परजीवीवर १९७५ मध्ये अमेरिकेत चित्रीकरण झाले. मेरोझॉइट हा सुमारे एक मायक्रोमीटरचा कण पेशीला कुठेही चिकटतो, मग वळून आपले टोक तिच्याकडे करतो. तेथे घट्ट सांधा जुळतो आणि तो सांधा मागे सरकत असता पेशीचे आवरण आत दुमडते. एखाद्या मिनिटात कण आवरणाच्या पिशवीसह आत जातो. पेशी ओळखण्याची खूण तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत असते. डफी नावाचे प्रथिन ज्यांच्या पेशींवर नसते त्यांना व्हायवॅक्स जातीचा हिवताप सहसा होत नाही, हे १९७६ मध्ये दिसून आले. फॅल्सिपेरम जातीला बॅसिजिन हे प्रथिन अनिवार्य असल्याचे २०११ मध्ये कळले. ती भेट अडविणाऱ्या लशींचे प्रयत्न त्यावरच उभे आहेत.

आपल्या आकृतीत वस्तूवरच तिचे नाव लिहिणाऱ्या ह्या माणसाचे स्वतःचे नाव ग्रंथावर लहान टायपात राहिले आणि हिवतापाच्या इतिहासात रॉस यांच्या नावामागे झाकले गेले. त्यांनी हक्काची तक्रार फारशी मांडली नाही. दिसले तेवढे रेखाटावे आणि न दिसलेले पुढच्यासाठी सोडावे, हा त्यांचा शिरस्ता अखेरपर्यंत टिकला. त्यांनी सोडलेल्या जागेवरूनच पुढच्यांना प्रश्न विचारता आला.