प्लेगशी झुंजणारा शास्त्रज्ञ

इ. स. १८९६ मध्ये मुंबई शहरावर मोठे संकट कोसळले. मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि पाहता पाहता शहरभर पसरला. माणसे पटापट मृत्युमुखी पडू लागली. भयभीत झालेले हजारो लोक घरेदारे सोडून निघून गेले. या रोगावर उपाय शोधण्यासाठी सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांना पाचारण केले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. ते ज्यू असल्यामुळे त्यांची मायदेशातील प्रगती खुंटली. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातील नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. दुसऱ्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून व तीन शिपाई एवढेच साहाय्य लाभले. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी त्यात प्लेगचे जंतू वाढविले आणि उष्णता देऊन ते मारले. असे मृत जंतू टोचले असता रोग होत नाही. उलट शरीर त्यांना ओळखून रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. पुढे खरा शत्रू आला की ही प्रतिपिंडे त्याला पकडतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे प्रत्येक प्रतिपिंड ठरावीक शत्रूलाच ओळखते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, परंतु ते डगमगले नाहीत. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना ती टोचली, तेव्हा तिचा गुण दिसून आला.

तथापि १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सारा दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली होती आणि दगावलेल्या सर्वांची लस एकाच बाटलीतील होती. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. ही गोष्ट अनेक शास्त्रज्ञांनी पुढे मांडली. अखेर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. एवढा अन्याय सोसूनही ते पुन्हा हिंदुस्थानात येऊन कामाला लागले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन संस्था’ हे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये हाफकिन निवर्तले. त्यांच्या नावाच्या संस्थेत पुढे घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरील औषध तयार होऊ लागले. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा मुंबईपासून नागपूरपर्यंत नाकातील स्राव तपासण्यासाठी लहानशा पट्ट्या वापरल्या गेल्या. त्या पट्ट्यांवर प्रयोगशाळेत बनविलेली प्रतिपिंडेच होती. विषाणूचे प्रथिन त्यांच्या तावडीत सापडले की पट्टीवर रेघ उमटे. शरीराच्या ज्या शक्तीवर विश्वास ठेवून हाफकिन यांनी स्वतःचा जीव पणाला लावला, तीच शक्ती आज शत्रूचा माग काढण्याच्याही कामी येत आहे.