जेम्स ब्रेडवुड

जेम्स ब्रेडवुड (३ सप्टेंबर, १८०० – २२ जून, १८६१) हे स्कॉटिश अग्निशमन अधिकारी होते. एडिनबरा शहराच्या अग्निशमन दलाचे ते पहिले प्रमुख होत. पुढे मृत्यूपर्यंत २८ वर्षे त्यांनी लंडनच्या दलाचे नेतृत्व केले. प्रशिक्षित आणि एकाच अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली चालणाऱ्या आधुनिक शहरी अग्निशमन दलाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ब्रेडवुड यांचा जन्म एडिनबरा येथे झाला. त्यांच्या वडिलांचा लाकडी सामान व बांधकामाचा व्यवसाय होता. शालेय शिक्षणानंतर जेम्स त्याच व्यवसायात उतरले. तुळया, भिंती आणि छपरे भार कसा पेलतात याचे तेथे मिळालेले ज्ञान त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले.

एडिनबरा

त्या काळी विमा कंपन्या आपापले बंब बाळगत. त्यांच्यात समन्वय नसे. १८२४ मध्ये नगर प्रशासन आणि विमा कंपन्या यांच्या सहकार्याने एडिनबऱ्यात एकत्रित दल स्थापन झाले. ब्रिटनमधील हे पहिले नागरी अग्निशमन दल मानले जाते. प्रमुखपदी नेमणूक झाली तेव्हा ब्रेडवुड जेमतेम २४ वर्षांचे होते.

दल उभे राहून काही आठवडेच झाले असताना १५ नोव्हेंबर, १८२४ रोजी जुन्या शहरात भीषण आग लागली. ती अनेक दिवस धुमसत राहिली. तीत १३ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो कुटुंबे बेघर झाली. घटनास्थळी जमलेले नगराधिकारी व प्रतिष्ठित नागरिक परस्परविरोधी हुकूम देत होते, त्यामुळे नवख्या दलाचा गोंधळ उडाला. या अनुभवानंतर आगीच्या ठिकाणी दलप्रमुखाचाच हुकूम अंतिम राहील, असे ठरले.

ब्रेडवुड यांनी गवंडी, सुतार, छप्पर शाकारणारे अशा कारागिरांतून तरुण निवडले आणि त्यांच्याकडून नियमित कवायत करून घेतली. रस्त्यावरून धुरावर पाणी मारण्याऐवजी इमारतीत शिरून आगीचे मूळ गाठावे. धुरात जमिनीलगत सरपटत जावे, कारण तेथे श्वास घेण्याजोगी हवा असते. कोणीही एकट्याने आत जाऊ नये, हे त्यांचे मुख्य नियम होते. १८३० मध्ये बंबांची रचना, दलाचे प्रशिक्षण आणि आग विझविण्याची पद्धत यांवर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला.

लंडन

१ जानेवारी, १८३३ रोजी लंडनमधील दहा विमा कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून संयुक्त दल स्थापले. सुमारे ८० जवानांच्या या दलाचे प्रमुखपद ब्रेडवुड यांना मिळाले. हे दल खासगी असून त्याचा उद्देश विमा उतरविलेल्या मालमत्तेचे रक्षण हा होता. तरीही १६ ऑक्टोबर, १८३४ रोजी संसद भवनास आग लागली तेव्हा दल तेथे धावून गेले. बहुतांश वास्तू नष्ट झाली, मात्र प्राचीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचविण्यात यश आले.

नव्या साधनांबाबत ब्रेडवुड सावध होते. वाफेवर चालणारा बंब १८२९ मध्ये तयार झाला होता, तरी दीर्घकाळ त्यांनी मनुष्यबळाने चालणाऱ्या बंबांनाच पसंती दिली. दुरून जोरदार फवारा मारता आला तर जवान आगीच्या मुळाशी जाणे टाळतील, अशी त्यांना शंका होती. अखेर १८६० मध्ये दलाने वाफेचा बंब भाड्याने घेतला.

इमारतींविषयी त्यांनी दिलेले इशारे मात्र काळाच्या पुढचे होते. ओतीव लोखंडाचे खांब जळत नसले, तरी तापल्यावर दगा देतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. थेम्स नदीकाठच्या अवाढव्य वखारींच्या आकारावर मर्यादा हवी, अन्यथा तेथील आग कोणत्याही दलास आवरणार नाही, असे ते सांगत राहिले.

मृत्यू

२२ जून, १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील कॉटन्स वार्फ येथील वखारीत आग लागली. तेथे ताग, कापूस, साखर, चरबी आणि सोरा साठविलेला होता. आग पसरू नये म्हणून बसविलेली लोखंडी दारे उघडीच राहिली होती. दमलेल्या जवानांची विचारपूस करीत असताना एक भिंत कोसळून ब्रेडवुड ठार झाले. ही आग सुमारे दोन आठवडे धुमसत होती. २९ जून रोजी ॲबनी पार्क दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला. अंत्ययात्रा सुमारे दीड मैल लांब होती.

वारसा

टूली स्ट्रीटच्या आगीत विमा कंपन्यांचे प्रचंड नुकसान झाले आणि लंडनच्या रक्षणाचा भार यापुढे आपण वाहू शकत नाही, असे त्यांनी सरकारला कळविले. परिणामी १८६५ मध्ये कायदा संमत झाला आणि १ जानेवारी, १८६६ पासून लंडनचे दल सार्वजनिक झाले. मुंबईत १ एप्रिल, १८८७ रोजी अग्निशमन सेवा महापालिकेकडे आली. या दलाचे पहिले प्रमुख डब्ल्यू. निकोल्स हे लंडनच्या दलातूनच आले होते.

धोकादायक माल एकत्र साठविण्याचा प्रश्न पुढेही कायम राहिला. १४ एप्रिल, १९४४ रोजी मुंबई बंदरात कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला व अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एडिनबऱ्यात २००८ मध्ये ब्रेडवुड यांचा पुतळा उभारण्यात आला.