डॉ. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स

आळस हा माणसाचा मोठा शत्रु आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जग ज्यास आळशी म्हणून हिणवितें तो कदाचित् रोगानें पिडलेला असेल, ही गोष्ट ज्यांनीं लोकांच्या नजरेस आणून दिली, त्या सत्पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

डॉ. स्टाइल्स यांचा जन्म १८६७ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत झाला. त्यांचे वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. चिरंजिवांनीं मात्र प्राणिशास्त्राची वाट धरिली. जर्मनींत लाइपझिग येथें कृमींचा अभ्यास करून १८९० सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी संपादिली व पुढें मायदेशीं सरकारी नोकरी पत्करिली.

त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गरीब शेतकरी फिकट, कृश व निरुत्साही दिसत. त्यांचीं मुलें खुरटलेलीं असत. लोक त्यांस ऐदी म्हणत. १९०२ सालीं स्टाइल्स यांनीं दाखवून दिलें कीं, या लोकांच्या आंतड्यांत अंकुशकृमीची एक निराळी जात राहून त्यांचें रक्त शोषीत असते. रोग्याच्या मळांतील अंड्यांतून ओल्या जमिनींत बारीक अळ्या निघतात व अनवाणी चालणाऱ्याच्या पायाची कातडी भेदून आंत शिरतात. हे कृमि पोटांत आपली संख्या वाढवीत नाहींत; प्रत्येक कृमि बाहेरूनच यावा लागतो.

वर्तमानपत्रांनीं आळसाचा जंतु सांपडला म्हणून या शोधाची थट्टा मांडली. दक्षिणेंतील कित्येकांस हा आपल्या प्रांताचा अपमान वाटला. तरी स्टाइल्स खचले नाहींत. अखेर १९०९ सालीं रॉकफेलर यांनीं दहा लक्ष डॉलर देऊं केले व या रोगाच्या निर्मूलनासाठीं एक मंडळ स्थापन झालें. स्टाइल्स त्याचे शास्त्रीय चिटणीस झाले. अकरा संस्थानांत तपासणी झाली, तेव्हां शेंकडा सुमारें ४० मुलांस बाधा असल्याचें आढळलें. रोग्यांस थायमॉल, म्हणजे ओव्यांत असणारें सत्त्व, व त्याबरोबर रेचक देत. लक्षावधि लोकांनीं हें औषध घेतलें.

परंतु केवळ औषधानें काम भागत नाहीं, हें स्टाइल्स जाणून होते. जमीन मळानें दूषित राहिली, तर बरा झालेला मनुष्य पुन्हां तेथेंच पाऊल टाकणार! म्हणून त्यांनीं घरोघर शौचकूप असावा असा आग्रह धरिला व दोघां सहकाऱ्यांसह स्वस्त शौचकूपाचा एक नमुनाहि तयार केला. १९४१ सालीं ते निवर्तले.

अंकुशकृमि आपल्या देशांतहि आहेत. २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं शाळांतून मुलांस जंताची गोळी देण्यांत येऊं लागली. ती गोळी घ्यावी, पायांत वहाण घालावी व शौचास शौचकूपांतच जावें. आणि वर्गांत एखादा सोबती मलूल बसलेला दिसला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी, एवढेंच आमचें बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगणें आहे.